तीन सायकली आणि एक जावई

गेल्या रविवारी सकाळी माझ्या सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर, आख्ख्या घरादेखत मला विचारलं, "जावईबापू, तुम्ही नक्की इंजिनिअरच ना?" तेव्हापासून मी घरात कामापुरतंच बोलतोय.

विषय तसा साधा होता. आम्ही म्युनिकला राहतो, नऊ वर्षं झाली. यंदा ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि दोन पोरं असं चौघांनी जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं सायकलवर जायचं, सोबत तंबू, दिसेल त्या कॅम्पिंगला मुक्काम, असा बेत ठरला. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, बहुतेक सगळं सपाट, ते पण नदी वाहते त्याच दिशेनं. वाखाउ म्हणून एक पट्टा लागतो तिथं रस्त्याच्या कडेला जर्दाळूच्या बागाच बागा. सत्तरीचे आजी-आजोबा करतात हो हा रस्ता. म्हणजे सायकल चालवणं हा प्रश्नच नव्हता. प्रश्न परत येण्याचा होता.

जाताना रीजनल, म्हणजे जवळच्या पल्ल्याची गाडी, सायकलचं तिकीट काढा आणि जागा असेल तर घुसा, इतकं सोपं. पण व्हिएन्नाहून परत यायला लांब पल्ल्याची गाडी, आणि तिच्यात सायकलला माणसासारखं रिझर्व्हेशन लागतं. आता बघा, जर्मनीत ती आयसीई-४ नावाची लांब पल्ल्याची वेगवान गाडी आहे, बारा डब्यांची, तिच्यात ८३० सीटा आहेत आणि सायकलींना जागा ८. आठशे तीस माणसं आणि आठ सायकली! आमच्या मार्गावरच्या गाडीतही फार वेगळं चित्र नाही. मी तीन सायकली टाकल्या की बुकिंग पुढं जायचं, चार टाकल्या की नाही. तारीख बदलली, पहाटेची गाडी बघितली, रात्रीची बघितली, शेवटी एक्सेल शीट केली. बायको म्हणाली, "एक्सेल कसली करतोस, काउंटरवर जाऊन विचार."

गेलो. काउंटरवरच्या माणसानं अत्यंत नम्रपणे सांगितलं की तीन मिळतील. म्हटलं चौथीचं काय? तर म्हणे चौथी घेऊन चौथ्या माणसानं हळू गाड्यांनी बदलत बदलत यावं, पूर्ण दिवस जाईल पण पोचेल. मी अजून वाक्य समजून घेतोय तोवर आमचे आठ वर्षांचे चिरंजीव म्हणाले, "बाबा येईल ना!" आणि बायको आणि मुलगी दोघींनी माना डोलावल्या. एक सेकंद कोणी विचार केला नाही हो.

हे सगळं रविवारी सासरी कळलं.

आमचे सासरे, नाना, दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसमधून रिटायर झाले. चौतीस वर्षं नोकरी. त्यांच्या हातून काय काय गेलंय विचारू नका: मोपेड, कोंबड्या, अंजिराच्या पाट्या, एकदा तर एका बँडवाल्याचा आख्खा संच. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार, लगेज आणि पार्सल. तुम्ही तिकीट काढून बरोबर निघालात तर ते लगेज, वस्तू एकटी निघाली तर पार्सल. आमच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, नानाही रडत होते, आणि रडता रडता माझ्या काकाला बजावत होते की तिची ट्रंक लगेजमध्ये करा, पार्सलमध्ये नको, दोन दिवस उशिरा पोचेल.

तर नाना फोनच्या इतक्या जवळ आले की स्क्रीनवर फक्त चष्मा.

"किती नग?"

"चार सायकली, नाना."

"मग त्यात काय, ब्रेकमध्ये टाकायच्या."

"इथं ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा नि सामानाचा डबा, नसते हो गाडीला."

मागून, स्वयंपाकघरातून सासूबाई, "अगबाई, गाडीला ब्रेक नाही?"

"तू थांब गं. मग गार्ड कुठं बसतो?"

"गार्ड असा नसतो. कंडक्टर असतो, तो फिरत असतो गाडीभर."

"कंडक्टर?" नानांनी चष्मा काढला. "म्हणजे एस्टी आहे का ती?"

मग त्यांनी विचारलं की जायचंय कशाला. सांगितलं, नदीच्या काठानं सायकल चालवायला. नाना दोन मिनिटं शांत. मग म्हणाले, "नदी तर दौंडला पण आहे. भीमा. स्टेशनपासून चालत जाल." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सासूबाई आता पदराला हात पुसत कॅमेऱ्यासमोर आल्या होत्या. त्यांना तंबूचं कळलं होतं. "तंबूत झोपवणार पोरांना? आणि सामान कोण आणणार?" म्हटलं सायकलवरच, दोन्ही बाजूंना पिशव्या लावून. "अरे, वारीत सुद्धा दिंडीच्या सामानाला ट्रक असतो!" हे मात्र खरं आहे. तुकोबांची पालखी त्यांच्या तालुक्यातूनच जाते, यवत, वरवंड वगैरे, दरवर्षी बघतात त्या. लाखो लोक पंढरपूरपर्यंत चालतात पण अंगावर पातेली बांधून कोणी चालत नाही. आम्ही पातेली, स्टोव्ह, तांदूळ सगळं स्वतः ओढणार आणि त्याचे वर कॅम्पिंगला रोज पैसे मोजणार.

आता थोडं गंभीर. मला राग नानांचा नाही आला, काउंटरचाही नाही म्हणा, पण ही काय पद्धत आहे? दिवसरात्र आम्हाला सांगतात गाडी कमी चालवा, रेल्वेनं जा, सायकलनं जा, पोराच्या शाळेत भिंतभर पोस्टर आहे त्याचं. मग चार माणसांचं एक घर सायकली घेऊन रेल्वेनं निघालं की सगळ्यांनी असं बघायचं की हे कुठले आले हत्ती घेऊन. शेजारी कारच्या मागं चार सायकली टांगतो आणि पाच मिनिटांत निघतो. मी तीन आठवडे एक्सेल भरतोय. आणि नऊ वर्षं इथं टॅक्स भरून सुद्धा कुठल्याही काउंटरवर गेलो की माझा आवाज आपोआप उसनी साखर मागायला आल्यासारखा होतो, तो वेगळाच. असो.

नाना मुद्द्यावर आले. "हे बघा, तीन तुमच्या उभ्या जाऊ द्या. चौथी सुटी करा. सगळ्यात लहान कुठली? नातवाची ना? चाकं काढा, हँडल आडवं फिरवा, पेडल काढा, आणि गोणपाटात शिवून टाका. मग ती सायकल राहतच नाही."

इथं माझं चुकलं. मी हसलो. नुसता हसलो नाही, तर तो आवाज काढला जो आपण भारतातल्या माणसांना युरोप समजावून सांगताना काढतो, आणि म्हणालो, "नाना, इथं असलं जुगाड चालत नाही. इथं प्रत्येक गोष्टीला नियम असतो."

बायको शेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं नियम उघडला. आणि सावकाश, एकेक शब्द मराठीत करत, स्पीकरच्या दिशेनं वाचला की घडीची सायकल, किंवा सुटी करून पिशवीत नीट बांधलेली सायकल, ठरलेल्या मापात बसत असेल तर हातातलं सामान म्हणून नेता येते.

"म्हणजे लगेज," नाना म्हणाले. बस. एवढंच. जिंकलेला माणूस जास्त बोलत नाही.

पण थांबले पण नाहीत. "आत्ताच काढून बघा. ऐनवेळी पंचाईत नको." मग फोन बाल्कनीत कुंडीला टेकवून ठेवला, दौंडला चार माणसं जमली होती, त्यात एक मी न ओळखणारे काका पण होते, आणि इकडं मी पान्हा घेऊन पोराच्या वीस इंची सायकलीपुढं बसलो. पुढचं चाक निघालं. उजवं पेडल निघालं. डावं काही हलेना. मी जोर लावला. अजून जोर लावला. पान्हा सटकला, बोटाचं सालटं गेलं, आणि पोरगा रडायला लागला की बाबा माझी सायकल मोडतोय.

"कुठल्या बाजूला फिरवताय?" ते अनोळखी काका.

"घड्याळाच्या उलट. सुटं करायला तसंच फिरवतात."

दौंडमध्ये शांतता पसरली. मग नानांनी, फार दुःखानं, सांगितलं की सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पायडल मारता मारता आपोआप सुटू नये म्हणून. म्हणजे गेली दहा मिनिटं मी ते काढत नव्हतो, आवळत होतो. सगळ्या ताकदीनिशी. आणि मग तो इंजिनिअरचा प्रश्न.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे मी सांगितलं. त्यानं काही फरक पडला नाही. काका म्हणाले, "त्यात आटे नसतात का?"

त्यानंतर चार दिवस झाले. तेल सोडून बघितलं, गरम पाणी ओतून बघितलं, तळघरात राहणाऱ्या शेजाऱ्याचा लांब दांड्याचा पान्हा आणून बघितला. पेडल आहे तिथंच आहे. गोणपाट म्हणून इंडियन दुकानातून बासमतीचं वीस किलोचं पोतं आणलं, त्यात फक्त पुढचं चाक जातं आणि तंबूला आता तांदळाचा वास येतोय, तो का येतोय मला माहीत नाही. तीन सायकलींचं रिझर्व्हेशन मात्र बायकोनं करून टाकलं, बुकिंगमध्ये सीटा चार आणि सायकली तीन.

रोज सकाळी चारच्या सुमारास, म्हणजे दौंडला साडेसात वाजता, नानांचा मेसेज पडतो. "पेडल निघाले का? बांधल्यावर दोन्ही बाजूंना मार्करने नाव व स्टेशन लिहिणे." मी निळ्या टिका बंद करून ठेवल्यात.