गेम पहिल्याच दिवशी घ्यायचा, खेळायचं नंतर बघू

भावा, नवा एक्सक्लुझिव्ह गेम, म्हणजे एकाच कंपनीच्या मशीनवर चालणारा, आला की तीन दिवसांत किती लाख खपले ते कंपनी छाती पुढं काढून सांगते. तो आकडा आपोआप होत नाही. त्यामागं तुझ्यासारख्यांची तपश्चर्या असते. ती तुझ्या हातून नीट व्हावी म्हणून चार गोष्टी सांगतो. मी त्या पगार घालवून शिकलोय.

आधी मशीन घे. गेमचा विचार नंतर. सोनीचं प्लेस्टेशन ५ आपल्याकडं २ फेब्रुवारी २०२१ ला आलं, डिस्कवालं ४९,९९० रुपयांना. एवढे मोजले की टीव्हीखाली एक पांढरा देव्हारा बसतो आणि त्याला अधूनमधून नैवेद्य लागतो, साधारण ४,९९९ चा. न दाखवून सांगतोस कुणाला? आबा जेवता जेवता विचारतात, "त्या डबड्यावर धूळ बसलीय, कशाला आणलंस रे?" या प्रश्नाला उत्तर म्हणूनच तर एक्सक्लुझिव्ह गेम असतो. जाहिरातीवर कितीही पैसा ओता, आबांच्या त्या एका वाक्याएवढी विक्री ती करत नाही, असं माझं ठाम मत आहे.

देव्हारे जितके जास्त, तितका नैवेद्य जास्त. मे २०२३ मध्ये झेल्डा मालिकेतला 'टिअर्स ऑफ द किंगडम' तीन दिवसांत १ कोटी खपला; तो ज्यावर चालतो ती निन्टेंडोची स्विच मशीन तोवर १२ कोटींवर विकून झाली होती. पण आदर्श ठेवायचा तर २०१७ च्या अमेरिकी गिऱ्हाइकाचा. ३ मार्चला स्विच आणि झेल्डाचाच 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' एकाच दिवशी आले. त्या महिन्यात अमेरिकेत मशीन विकली गेली ९ लाख ६ हजार, आणि त्याच मशीनवर चालणारा हा गेम ९ लाख २५ हजार! कुणी एक खेळायला घेतला आणि एक खोक्यात जपायला. कुणाला मशीनच मिळेना, तरी गेम घेऊन ठेवला. म्हैस बाजारात आणि पेंडीचं पोतं दारात. ही भक्ती आपल्याला जमायला अजून वेळ आहे.

प्री-ऑर्डर चुकवू नको. डाउनलोडचा गेम संपत नसतो, तरीही रांगेत तू पहिला पाहिजेस. 'स्पायडरमॅन २' आधी नोंदवणाऱ्यांना दोन पोशाख लवकर मिळाले. लवकर, बरं का. म्हणजे बाकीच्यांना खेळता खेळता मिळणारच होते. पंगतीत पांढरा रस्सा सगळ्यांनाच, फक्त तुझ्या वाटीत आधी ओतला. यावर मानपान करणारी आपण माणसं. गेम एका दिवसात २५ लाख गेला.

आणि हो, उगाच चांगला गेम शोधत बसू नको. 'ॲस्ट्रो बॉट' ६ सप्टेंबर २०२४ ला आला. द गेम अवॉर्ड्समध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला. आणि खप? दोन महिन्यांत १५ लाख. आपल्या 'स्पायडरमॅन २'नं एका दिवसात त्याहून जास्त केला. चेहरा ओळखीचा पाहिजे, शेजारी २ किंवा ३ आकडा पाहिजे. अनोळखी नायकांचं काय होतं ते सोनीच्याच 'कॉन्कॉर्ड' गेमला विचार. २३ ऑगस्टला आला आणि ॲस्ट्रो बॉट आला त्याच दिवशी बंद झाला. दोन आठवडे! पैसे परत द्यावे लागले. आपल्याकडं गणपतीचा मांडवही त्याहून जास्त दिवस उभा असतो.

बाजू मात्र आत्ताच ठरव. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील आणि शिवाजी हे संघ समोरासमोर आले की खेळ कसा झाला हे कोण विचारतो? कुठल्या पेठेचा ते आधी. तसंच हे. समोरच्या पार्टीचा गेम न खेळता भंगार म्हणायचा आणि आपला न खेळता भारी.

राजारामपुरीतला तो पीसीवाला मित्र मात्र टाळ. पहिला 'स्पायडरमॅन' २०१८ ला फक्त प्लेस्टेशनवर आला तेव्हा आपण उड्या मारल्या. तो चार वर्षं गप्प बसला आणि ऑगस्ट २०२२ ला पीसीवर तोच गेम आला, तेव्हा निवांत खेळला. वर आपल्यालाच विचारतो, "शेवट आठवतोय का रे?" असली माणसं वाढली तर पहिल्या आठवड्याच्या आकड्याचं काय होणार?

तर रिलीजच्या रात्री डिस्क घाल. अपडेट मागेल. गावातलं नेट रात्री नऊनंतर कसं चालतं ते तुला माहीत आहे, तेव्हा स्क्रीनसमोर बसू नको, गंगावेशीत दूध प्यायला जा. तिथं म्हशीची धार डोळ्यांदेखत ग्लासात पडते आणि लगेच ओठाला लावता येते. कट्ट्यावर कुणीतरी विचारेलच, "घेतलास म्हणं नवा गेम. कसा हाय?"

फोनवर बघ, डाउनलोड ३८ टक्क्यांवर असेल. मिशी पूस आणि सांग, "नाद खुळा! तू पण आजच घे."