बुजरा घोडा चाबकाने धीट होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घोडे पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरत असतो. त्याचा सारांश असा: घोडा सरावाच्या रिंगणाच्या फाटकाशी अडला तर ती मस्ती आहे. मागे फिरवलात तर तो जिंकला. दोघांनी पुढून ओढा, एकाने मागून चाबूक घाला, एकदा आत गेला की भीती मोडते. तरीही ऐकत नसेल तर झापडं लावा, नाहीतर आधी दमवा. आणि शेवटी दाखला: वारीतले अंकलीचे अश्व लाखोंच्या गर्दीत धावतात, मग तुमच्याच घोड्याला काय धाड भरली आहे?

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, ते पुढे येईलच. बाकीच्या सल्ल्याने घोडे बिघडतात आणि माणसं जायबंदी होतात.

“अडतो म्हणजे मस्ती करतो.”

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण कपाळासमोरचा थोडा भाग, नाकाखालची जमीन आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. समोरचं नीट बघायचं तर त्याला मान वर-खाली करावी लागते आणि जमीन हुंगावी लागते. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याचे डोळे सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ घेतात. आता दुपारी बारा वाजता लख्ख उन्हातून पत्र्याच्या शेडखालच्या रिंगणात जाणारा घोडा डोळ्यांसमोर आणा. फाटकात त्याला दिसतं ते काळं भोक. त्यात उंबऱ्याशी पावसाचं पाणी साचलेलं असेल तर त्या डबक्याची खोली त्याला कळत नाही. तो थांबतो, मान उंच करतो, कान समोर रोखतो, फुरफुरतो. तो माहिती गोळा करत असतो. नेमक्या त्याच वेळी आपण दोरी हनुवटीखाली आखूड धरून त्याची मान अडकवतो, म्हणजे बघायचा एकमेव मार्गही बंद करतो.

घोड्याला दोष देण्याआधी फाटक तपासा. फाटक पूर्ण उघडून बांधून ठेवा. अर्धवट उघडं फाटक वाऱ्याने फिरून एकदा कमरेच्या हाडावर आपटलं की ती आठवण फार काळ टिकते. डबकं बुजवा आणि आतली वाळू फाटकाबाहेर पाच-सहा पावलांपर्यंत पसरा, म्हणजे पायाखालची जमीन एकदम बदलणार नाही. फडफडणारे फ्लेक्स आणि निळी ताडपत्री काढा, सैल पत्रा ठोकून घ्या. सुरुवातीचे दिवस सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर न्या. आपल्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की स्पीकर लावलेले ट्रॅक्टर दिवसभर रस्त्याने जातात. रिंगण रस्त्यालगत असेल तर त्यांची वर्दळ नसलेली वेळ निवडा. हा आवाज त्याला पुढे शिकवायचाच आहे, पण फाटकाचा धडा चालू असताना नको.

दुसरी शक्यता दुखण्याची. नुसत्या म्होरकीवर घोडा सहज आत जातो आणि खोगीर चढवलं की अडतो, असं असेल तर भीती रिंगणाची नाही, आत गेल्यावर पाठीला होणाऱ्या त्रासाची आहे. कण्याच्या दोन्ही बाजूंनी चार बोटांनी सपाट दाब देत मागे जा. कुठे कातडी थरथरली, पाठ खाली दबली किंवा कान मागे गेले तर खोगीर उतरवा आणि पशुवैद्यांना बोलवा. स्वार बसल्यावर खोगिराचा पुढचा भाग आणि खांद्याचा उंचवटा यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. दात आणि नालही बघून घ्या. दुखणाऱ्या घोड्याला धीर देण्यात महिना घालवून काहीच हाती लागत नाही.

“मागे फिरवलात तर तो जिंकला.”

हेच ते अर्धं खरं वाक्य. दोरीचा दाब ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणी घोडा जे करत असतो तेच तो शिकतो. तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि घाबरून आपण दोरी सोडली, तर पुढच्या वेळी तो लगेच उभा राहील. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. खरा निष्कर्ष असा की घोड्याला मागच्या पायांवर उभं राहावंसं वाटेल इतक्या फाटकाजवळ त्याला नेऊच नये, आणि तो शांत असतानाच आपण होऊन मागे फिरावं.

त्याची रीत अशी. तीन-साडेतीन मीटर लांब, जाड सुती दोरी घ्या. नायलॉनची नको, ती तळहात सोलते. हातमोजे, हेल्मेट आणि बंद बूट घाला. दोरीचा वेढा हाताला कधीच देऊ नका, घोडा उधळला तर बोटं तुटतात. घोड्यासमोर उभं न राहता त्याच्या खांद्याच्या रेषेत चाला. फाटकाकडे जाताना घोड्याची मान पहिल्यांदा जिथे वर जाते तिथे जमिनीवर चुन्याची रेघ मारा. काम त्या रेघेच्या दोन-तीन पावलं अलीकडे सुरू होतं. तिथे उभे राहा. मान खांद्याच्या उंचीवर येईपर्यंत, पापण्या मिटू लागेपर्यंत, लांब श्वास सुटेपर्यंत थांबा. ते झालं की वळा आणि दहा पावलं मागे या. मग पुन्हा पुढे, या वेळी एक-दोन पावलं जास्त. पाऊल पुढे मागताना दोरीवर ताण हळूहळू वाढवा, आणि घोड्याने वजन नुसतं पुढे टाकलं तरी त्याच क्षणी ताण सोडा. दोन सेकंद उशीर झाला तर शाबासकी भलत्याच हालचालीला मिळते. नवशिक्यांचं इथेच चुकतं: घोडा पाऊल टाकतो आणि ते खुशीत आणखी ओढतात.

दहा-पंधरा मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा. कधी तो सगळ्या सावधगिरीनंतरही गर्रकन वळेल. त्याच्याबरोबर वळा, त्याला अंतरावर शांत होऊ द्या, मग एकच सोपं पाऊल मागा आणि ते मिळालं की काम थांबवा. पहिल्यांदा फाटकातून आत गेल्यावर लगेच बाहेर या. आत कोंडून ठेवायचं नाही. बाहेर पडता येतं हे कळलेला घोडा पुढच्या वेळी कमी कां-कूं करत आत शिरतो.

“एकदा आत गेला की भीती मोडते.”

फटक्याने घोडा आत जातो, हे खरं. पण त्याच्या डोक्यात फाटक आणि फटका यांची गाठ बसते. समोर ओढ, मागे चाबूक, बाजूला खांब, अशा कोंडीत त्याला दोनच वाटा उरतात: मागच्या पायांवर उभं राहणं किंवा पाठीवर उलटणं. फाटकात उभा असलेला माणूस तेव्हाच चिरडला जातो. आमच्या भागात शर्यतीच्या गाडीला जुंपलेले घोडे नंतर रपेटीसाठी विकत घेतले जातात. त्यांच्यासाठी तर गर्दी, गलका आणि चाबूक यांची गाठ आधीच पक्की असते. त्यांच्याजवळ चाबूक नुसता हातात धरला तरी आठवड्याचं काम वाया जातं.

मार खाऊन मुकाट आत उभा असलेला घोडा शांत असेलच असं नाही. विश्रांतीच्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतात. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून 15 सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. दहा मिनिटं निवांत उभा राहूनही आकडा चढाच असेल, नाकपुड्या ताणलेल्या असतील, हनुवटी घट्ट असेल, तर तो अजून घाबरलेलाच आहे.

“झापडं लावा, नाहीतर आधी दमवा.”

झापडं गाडीच्या घोड्याला मागचं चाक दिसू नये म्हणून असतात. रिंगणात मागून आवाज आला आणि काय आहे ते बघता आलं नाही, तर भीती वाढते. दमवण्याचं म्हणाल, तर गोल फिरवून फिरवून सांधे झिजतात, आणि रोज दमवलेला घोडा महिन्याभरात जास्त दमदार होतो, मग त्याला आणखी दमवावं लागतं. थकलेलं जनावर शिकतही नाही.

गुळाच्या खड्याने भुलवून आत नेणं हाही उपाय नव्हे. पाऊल टाकल्यानंतर गोटीएवढा गूळ किंवा लांब चिरलेलं गाजर द्या, त्याआधी दाखवू नका. गाजराच्या चकत्या घशात अडकतात. आणि लठ्ठ घोड्याला गूळ नकोच, खुरांचा दाह होऊ शकतो. त्यापेक्षा एखादा थोराड, शांत घोडा आधी आत उभा करा. पहिले काही दिवस तो जवळ, मग लांब, मग फाटकाबाहेर.

“अंकलीचे अश्व बघा.”

बघाच. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व माउलींच्या पालखीसाठी दरवर्षी आळंदीला जातात, तेही पायी, मुक्काम करत करत. गावं, टाळ, मृदंग, माणसांचे हात, रहदारी हे सगळं वारीतल्या रिंगणाच्या आधीच रोज थोडं थोडं त्यांच्या अंगवळणी पडतं. रिंगण लागलं की धावण्याआधी त्यांना रिंगणाची वाट दाखवून आणतात. दोन अश्व एकमेकांच्या सोबतीने धावतात. म्हणजे सराव, ओळख, सोबत, हे तिन्ही तिथे आहे. ज्या दाखल्याने चाबकाची तरफदारी करायची, तोच दाखला चाबकाविना काम कसं होतं ते सांगतो.

आणि एक, घोडा या फाटकातून बिनधास्त जाऊ लागला म्हणून दुसऱ्या फाटकातूनही जाईल असं धरू नका. परतीच्या वाटेवर तेच फाटक उलट बाजूने वेगळं दिसतं, म्हणून आत-बाहेर दोन्ही दिशांनी आणि तुम्ही डाव्या-उजव्या दोन्ही अंगांनी चालत सराव करून घ्या. नव्या ठिकाणी गेलात की चुन्याची रेघ पुन्हा मारायची, फक्त या खेपेला ती फाटकाच्या बरीच जवळ पडेल.