गवती चहा लावला की साप येतो म्हणे!

पावसाळा लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो, घराजवळ गवती चहा, वाळा असलं कुठलंही गवत लावू नका, वासाने साप येतात, डास वाढतात, मुळं पाया फोडतात, पाणी खूप लागतं, त्यापेक्षा पेव्हर ब्लॉक टाका. आणि लोक खरंच चांगली वाढलेली बेटं उपटून टाकतात हो, वाईट वाटतं.

आधी साप. वासाने साप येतो याला कसलाही आधार नाही, तो येतो उंदीर-बेडूक खायला आणि लपायला, मग तो विटांचा ढीग असो नाहीतर जुनी लाकडं. हां, दाट बेटाच्या बुडाशी घोणस बसू शकते, हे मी नाकारत नाही. म्हणून दारापासून, पायवाटेपासून लांब लावा, बुडाची वाळलेली पाती काढत राहा म्हणजे खालची जमीन दिसते, आणि कापायच्या आधी काठीने हलवून बघा, थेट हात घालू नका. गवती चहाने साप पळतो असं सांगणारेही आहेत, तेही तितकंच खोटं.

डासांची अंडी-अळ्या साठलेल्या पाण्यात होतात, पात्यांवर नाही. कुंडीखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा, बास.

मुळांचं तर उलटंच आहे. वाळ्याची मुळं बारीक असतात आणि सरळ खाली जातात, 3-4 मीटरपर्यंत, म्हणूनच बांधावर, उतारावर माती धरायला तो लावतात. भिंती फोडतो तो पिंपळ, वड, उंबर.

पाण्याचं म्हणणं लॉनला लागू आहे, मे महिन्यात लॉन पाणी पितंच. पण पवना, डोंगरी, मारवेल ही आपल्या माळावरची गवतं पावसावर जगतात, उन्हाळ्यात पिवळी पडतात आणि पहिल्या पावसात परत फुटतात, ती मेली समजून उपटू नका. बी धरलं की मुनिया, म्हणजे ते चिमणीएवढे पक्षी, येतात खायला. फक्त कुसळी हे गवत लहान मुलं किंवा कुत्रं खेळतं तिथे नको, कुसळं कपड्यात, केसात घुसतात.

सावध राहायचंच असेल तर नर्सरीत मिळणाऱ्या फाउंटन ग्रास या शोभेच्या गवतापासून राहा. ते मूळचं आफ्रिकेतलं, हवाईत बेफाम पसरलंय, युरोपियन युनियनने 2017 मध्ये घातक परदेशी प्रजातींच्या यादीत टाकलंय. बी वाऱ्यावर उडतं, त्यामुळे घराशेजारी माळरान असेल तर ते नकोच. त्याऐवजी जूनमध्ये कुणाकडून तरी वाळ्याचे फुटवे आणा, दीड-दोन फुटांवर लावा, पहिला महिना माती ओली ठेवा.