ओपनिंग बॅलन्स : मीठ १५ ग्रॅम

३३ वर्षं मी बँकेत कॅश सांभाळली. संध्याकाळी पाच रुपये कमी आले तरी सगळ्या शाखेला बसवून ठेवणारी बाई, अशी माझी ख्याती. आणि या ३३ वर्षांत मी एकदाही खिचडी केली नाही. नोकरी माझी, स्वयंपाकघर सासूबाईंचं, अशी वाटणी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात झाली आणि दोघींपैकी कुणी ती मोडली नाही. लसूण सोलणे, कोथिंबीर निवडणे, ताटं घेणे ही वरकामं माझ्याकडे. बँकेत डब्याचं कौतुक व्हायचं, ते मी मान खाली घालून स्वीकारायची. लोकांना तो विनय वाटायचा.

निवृत्त होऊन चार महिने झाले नाहीत तोच आई, म्हणजे सासूबाई, न्हाणीघरात घसरल्या. वय ८४, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्याच आठवड्यात आमच्या ह्यांचा साखरेचा रिपोर्ट आला. आहारतज्ज्ञ बाईंनी कागद लिहून दिला आणि म्हणाल्या, "साधं घरचंच जेवण आहे हो. कुणालाही जमेल." या 'कुणालाही'मध्ये मी मोडत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

कागद बघून मला मात्र धीर आला. त्यावर आकडे होते! डाळ १ वाटी, भाकरी २, कोशिंबीर १ वाटी, मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. आकडा दिसला की मी कुणाला भीत नाही.

पण वाटी कुठली? आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात अकरा प्रकारच्या वाट्या निघाल्या. ह्यांच्या औषधाच्या मापानं पाणी ओतून मी सगळ्या मोजल्या. श्रीखंडाची ८० मिली, आमटीची १५०, आणि आईंच्या माहेरची एक पितळी, जिला वाटी म्हणणं म्हणजे हत्तीला वासरू म्हणणं. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. हात गळ्यात, नजर ओट्यावर.

"आई, कुठली वाटी धरू?"

"धर कुठलीही. ज्या वाटीनं तांदूळ घेशील त्याच वाटीनं मुगाची डाळ घे. वाटी काय रिझर्व्ह बँकेनं छापलीये?"

"आणि पाणी किती?"

"बोट बुडव. वर दोन पेरं पाणी यायला हवं."

"कुणाचं बोट?"

इथे मात्र त्या गप्प झाल्या. साठ वर्षं या घरातली खिचडी त्यांच्याच बोटानं मोजली गेली होती, आणि ते बोट आता प्लास्टरच्या टोकातून जेमतेम डोकावत होतं. डावं बोट बुडवा म्हटलं, तर "अन्नात डावा हात?" अशा नजरेनं बघितलं की मी विषय सोडला. शेवटी नातवाची पट्टी आणली, खुर्चीपाशी गुडघे टेकून बसले आणि सासूबाईंच्या तर्जनीची दोन पेरं मोजली. साडेचार सेंटिमीटर. पट्टी कुकरच्या भांड्यात उभी धरून मी आमटीच्या वाटीनं पाणी घातलं. तांदूळ-डाळीवर साडेचार सेंटिमीटर पाणी चढायला बरोबर सहा वाट्या लागल्या.

"सहा वाट्या, आई!"

"मग मी वेगळं काय सांगत होते?"

फोडणीचं फार सांगत नाही. गार तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद असं सगळं एकदम घातलं. मोहरी तडतडायच्या आत जिरं काळं पडलं आणि हळदीचा करपट वास थेट हॉलमध्ये पोचला. "तेल तापलं हे कसं कळतं?" असं विचारलं, तर "कळतं" एवढंच उत्तर मिळालं. मोहरीचा एक दाणा टाकून बघायचा, तो लगेच तडतडला की बाकीची मोहरी, मग जिरं, आणि हळद अगदी शेवटी, गॅस बारीक करून. हे मी तीन फोडण्या फेकल्यावर वहीत लिहिलं.

कुकरनं मात्र दिलासा दिला. तीन शिट्ट्या. यात 'साधारण' नाही, 'बेतानं' नाही. पण रात्री आठ वाजता आमच्या इमारतीत एकाच वेळी आठ-दहा कुकर चढलेले असतात. मी तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद केला, तशा आई म्हणाल्या, "अगं, ती वरच्यांची. आपली घोगरी आहे." आमच्या कुकरनं तोवर एकच दिली होती. त्या रात्री ह्यांनी खिचडीचा पहिला घास बराच वेळ चावला.

"कशी झालीये?"

"वेगळी झालीये."

मला पुण्यात राहून इतकी वर्षं झालीत. 'वेगळी' म्हणजे काय ते कळतं.

पुढची पायरी पालेभाजी. मंडईतून मेथीच्या दोन जुड्या आणल्या. निवडून, धुऊन, चिरून कढईत घातल्यावर हिरवा डोंगर झाला. त्या डोंगराच्या मानानं मीठ घातलं. पाच मिनिटांत डोंगराची मूठभर टेकडी झाली, मीठ मात्र होतं तेवढंच राहिलं. पालेभाजी आधी खाली बसू द्यायची आणि मग मीठ घालायचं, हे आईंना आधी सांगता आलं असतं. "तू विचारलं नाहीस," म्हणाल्या.

मटकी त्या मानानं शहाणी. रात्रभर भिजली, सकाळी फडक्यात बांधली. पण डिसेंबरातली थंडी, शिवाजीनगरचा पारा दहाच्या खाली, मोड फुटेनात. आईंच्या आज्ञेवरून मी ते गाठोडं ह्यांच्या माकडटोपीत घालून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मटकीला अर्ध्या बोटाएवढे मोड आणि ह्यांना सर्दी.

आता भाकरी. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा आमच्या शाखेत ज्वारी-बाजरीचं पोस्टर लागलं होतं. ते सरळ लागावं म्हणून मी स्टुलावर चढले होते. ज्वारीशी माझा तेवढाच संबंध. पोळी नकाशासारखी होते हा विनोद जुना झाला. माझी भाकरी नकाशा व्हायलाही पुरेशी एकसंध राहिली नाही. परातीतून उचलायला गेले की मावळ तालुका हातात आणि इंदापूर परातीत.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पिठाला पीठ धरून राहत नाही. म्हणून गरम पाण्यात मळायचं, त्यानं चिकटपणा येतो. हे मी वाचून आईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, डब्यातलं चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, "विरी गेलीये. दळण कधीचं आहे?" विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. दळण दीड महिन्याचं होतं. नवीन ज्वारी दळून आणली, तेव्हा निदान उचलता आली. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरतं वाळायच्या आत उलटायची, मग आचेवर. चौदाव्या भाकरीला पापुद्रा सुटला. ती फुगली तेव्हा मी ह्यांना हाक मारली. ते धावत आले, त्यांना वाटलं भाजलं.

पण माझं खरं कार्यक्षेत्र होतं मीठ. ५ ग्रॅमच्या आत, माणसं तीन. तुळशीबागेजवळून छोटा डिजिटल काटा आणला. रोज सकाळी एका डबीत १५ ग्रॅम बारीक मीठ मोजून ओट्यावर ठेवायचं. हा ओपनिंग बॅलन्स. आमटीला काढलं की वहीत नोंद, भाजीला काढलं की नोंद, रात्री शिल्लक मोजून टॅली. लोणचं आणि पापड कुलपात, कारण ते म्हणजे सरळसरळ बेहिशेबी मीठ.

पहिल्याच रात्री २ ग्रॅम कमी. दुसऱ्या रात्री २ ग्रॅम कमी. काट्याची चूक समजून रुपयाची नाणी ठेवून बघितली, काटा चोख. ह्यांची उलटतपासणी केली. तिसऱ्या दुपारी मी झोपल्याचं सोंग घेतलं, तर ओट्याशी आई. प्लास्टरमधून निघालेल्या तीन बोटांनी डबीतली चिमूट उचलून ताकात टाकत होत्या.

"आई, ते हिशेबातलं आहे!"

"ताकात मीठ नको? मग त्याला ताक कशाला म्हणायचं?"

नोंद करा म्हटलं तर उजवा हात वर करून दाखवला. पुढचे आठ दिवस वहीत रोज तूट. मला जेवण गोड लागेना, झोप लागेना. आणि नवव्या रात्री वही आणि डबी ग्रॅमाला ग्रॅम जुळली. मी पुन्हा मोजलं. जुळली. ३३ वर्षांत कॅश जुळल्यावर झाला नसेल एवढा आनंद झाला. ह्यांना उठवून सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि कूस बदलली.

डबी परत ठेवताना सहज दिव्याखाली धरली. बारीक मिठात चार-पाच जाडे, राखाडी खडे चमकत होते. आमच्याकडे खडेमीठ एकाच ठिकाणी असतं: आईंच्या लोणच्याच्या बरणीशेजारी, वरच्या फळीवर.

सकाळी डबी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून खडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"काय करू? रोज रात्री तुझं तोंड बघवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आणि आज ताक मी अळणीच पिणार आहे. ते लिही वहीत."