चुकलेले अध्याय भरून काढायचे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सलाम.

मागच्या लेखात मी लिहिले होते की रोजचे बायबल वाचन मध्येच सुटले, तर सुटलेले अध्याय भरून काढायला बसू नका. आजचा एक अध्याय वाचा आणि पुढे चला. शिवाय नव्याने सुरुवात करणाऱ्याने बायबलच्या पहिल्या पुस्तकाऐवजी, म्हणजे उत्पत्तीऐवजी, मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करावे, असेही म्हटले होते. त्यावर तुमचे म्हणणे असे: ही आळशाला दिलेली सूट आहे, एक अध्याय म्हणजे काही वाचन नव्हे, तुमचे वडील दरवर्षी अख्खे पवित्र शास्त्र वाचून काढत. मग तुमच्या तरुण संघाने लेवीय गाळायचे का, असेही तुम्ही विचारता. आणि शेवटी, मन लागत नसताना ठरलेल्या वेळी वाचत बसणे हे परूश्यांचे, म्हणजे येशूच्या काळातल्या नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचे काम.

तुमचा पहिला आक्षेप आणि शेवटचा आक्षेप एकमेकांशीच भांडतात, हे तुमच्या लक्षात आले असेल. पहिल्यात मी फार सैल, शेवटच्यात फार काटेकोर! तरी दोन्हींची उत्तरे द्यायला हवीत.

आधी हिशेब. बायबलची ६६ पुस्तके, १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज तीन आणि रविवारी पाच, हे जुने प्रमाण. म्हणजे एक आठवडा आजारपणात किंवा लग्नघाईत गेला की २३ अध्यायांची थकबाकी. आणि ती अंगावर येते कधी? या वेगाने उत्पत्ती आणि निर्गम जानेवारीतच संपतात. फेब्रुवारी उजाडता उजाडता आपण तिसऱ्या पुस्तकाच्या, लेवीयाच्या तेराव्या अध्यायात असतो. कातडीवरचे चट्टे, कपड्यांवरची बुरशी, याजकाने सात दिवस कोंडून ठेवलेला माणूस. पुढे गणना सातमध्ये बारा वंशांचे सरदार एकामागून एक तीच अर्पणे आणतात आणि ती यादी बाराही वेळा पूर्ण दिलेली आहे. अशा जागी मागची २३ प्रकरणे डोक्यावर असली की माणूस आळसाने नव्हे, लाजेने पुस्तक मिटतो. ‘आता पुढच्या एक जानेवारीला’ म्हणतो. माझा लेख त्या माणसासाठी होता. तुमच्या वडिलांसारख्या, सवय हाडीमाशी खिळलेल्या माणसाला तो सल्ला लागतच नाही. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

वर्षभराच्या वाचनाच्या पत्रकांमधले सगळ्यात प्रसिद्ध पत्रक स्कॉटलंडमधले. डंडी शहरातल्या सेंट पीटर्स चर्चचे पाळक रॉबर्ट मरे मॅक्चेन यांनी १८४२च्या डिसेंबरअखेर ते आपल्या मंडळीसाठी तयार केले: जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा, म्हणजे रोज साधारण चार अध्याय. तुमच्या बाजूचाच माणूस म्हणा ना. पण पत्रकासोबत त्यांनी त्याचे धोकेही लिहून दिले होते. वाचन नुसता उपचार होऊन बसेल, पत्रक पाळले म्हणून आपण नीतिमान असे वाटू लागेल, घाईघाईने वाचले जाईल, आणि काहींना ते न पेलणारे जू होईल. माझ्या पाहण्यातल्या मराठी-इंग्रजी प्रतींत तारखा तेवढ्या छापलेल्या असतात, धोके गाळलेले. मॅक्चेन स्वतः मार्च १८४३मध्ये, तिशीही न गाठता वारले. ते वर्ष त्यांचेही पुरे झाले नाही.

एक अध्याय कमी वाटतो, तर कोणता अध्याय ते सांगा. स्तोत्र ११७मध्ये दोन वचने आहेत, त्यानंतर एकच स्तोत्र सोडून ११९मध्ये १७६. बायबलची आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे मिळाले ते तर १५५१ साली. मोशे किंवा पौल यांनी ‘रोज इतके’ असे माप घालून दिलेले नाही. एज्रा शास्त्र्याने यरुशलेमच्या पाणीवेशीसमोर पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले तेव्हा लोक उभे राहून ऐकत होते. घरी न्यायला कोणाकडे प्रत नव्हती. घरात बसून रोज आपले आपण वाचायचे ही चैन छापखान्याने दिली. आपल्या भाषेत नवा करार छापला गेला १८११ साली, बंगालमधल्या श्रीरामपुरात (अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे!). रोज वाचणे मी हलके लेखत नाही. बिरुया नगरातले लोक दररोज शास्त्र तपासून पाहत, हे प्रेषितांची कृत्ये १७मध्ये आहेच. तिथे प्रशंसा तपासण्याची आहे, किती वाचले त्याची नाही.

आता परूश्यांचा आरोप. मन लागेल तेव्हाच वाचायचे ठरवले, तर कवी ना. वा. टिळकांनी नवा करार कदाचित उघडलाच नसता. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने तो त्यांच्या हाती ठेवला. पुस्तकाची ओढ काही नव्हती. त्या भल्या गृहस्थाखातर त्यांनी वाचायला घेतले. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत, म्हणजे मत्तय पाचपर्यंत आले आणि तिथे पुस्तक हातातून सुटेना. १८९५मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ओढ नंतर लागली, पाने आधी उलटली गेली. परूश्यांना येशूने झापले ते लोकांनी पाहावे म्हणून करायच्या धर्माचरणासाठी. स्वयंपाकघरात चहा उकळेपर्यंत मार्कचा अध्याय वाचणाऱ्या बाईला कोण पाहायला येते?

 

राहिले लेवीय. ते गाळा असे मी कुठेही लिहिलेले नाही, नंतर वाचा म्हटले आहे. मार्कचे १६ अध्याय संपवून, मग इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय वाचून, लेवीयाचा सोळावा उघडावा. प्रायश्चित्ताचा दिवस, पडद्याच्या आत रक्त घेऊन जाणारा अहरोन, रानात सोडलेला बकरा. या वाटेने आलेल्या वाचकाला तो अध्याय कंटाळवाणा वाटत नाही. तुमच्या तरुण संघाला आधी इब्री द्या, मग लेवीय.