लग्नाच्या घाईत चांगले दात कापून घेऊ नका

तुळशीचं लग्न झालं की माझ्या विश्रामबागच्या दवाखान्यात एक मागणी हमखास येते. "डॉक्टर, पुढच्या सहा दातांना कॅप बसवून टाका, लग्न ठरतंय." पोरगी बावीस-तेवीसची. दात धडधाकट, कीड नाही, हिरड्याही चांगल्या. फक्त रंग एकसारखा नाही, आणि बघायला आलेल्या पाहुण्यांतलं कुणीतरी त्यावर बोलून गेलेलं असतं. या पोरी तोंडावर हात धरून हसतात, ते मला फार लागतं. डाग घालवावेसे वाटणं अगदी रास्त आहे. पण नुसत्या रंगासाठी निरोगी दाताला कॅप बसवायला माझा ठाम विरोध आहे.

कॅपसाठी दात चहूबाजूंनी एक ते दीड मिलिमीटर कापतात. समोरच्या दाताचा निम्म्याहून जास्त भाग त्यात जातो आणि गेलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, पुन्हा येत नाही. व्हीनियरला, म्हणजे दाताच्या फक्त पुढच्या बाजूला चिकटवायच्या पातळ पापुद्र्याला, कमी कापावं लागतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पण तेही साधारण १०-१५ वर्षांनी बदलायची वेळ येते. बाविसाव्या वर्षी बसवलं तर जन्मात किती वेळा बदलणार?

आधी डाग कशाचा ते तपासून घ्या. मशेरी, तंबाखू, चहाचे डाग वरवरचे असतात, क्लीनिंग-पॉलिशिंगने बहुतेक निघतात. एकच दात काळवंडला असेल तर लहानपणी मार लागून आतली नस मेलेली असू शकते. एक्स-रे काढून, रूट कॅनाल करून तेवढाच दात आतून ब्लीच करता येतो. शेजारच्या दातांना कशाला हात लावायचा? लहानपणी टेट्रासायक्लीन हे अँटिबायोटिक दिल्याने आलेले करडे पट्टे मात्र चिवट. डॉक्टरने दिलेल्या जेलने घरी करायच्या ब्लीचिंगला तिथे महिनोन् महिने लागतात, आणि पट्टे फारच गडद असले तर मीसुद्धा व्हीनियरच सांगते.

दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच पांढरे-तपकिरी चट्टे असतील तर बहुधा फ्लोरोसिस, म्हणजे लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने पडलेले डाग. यात कमी कापाकापीचे बरेच मार्ग आहेत. मायक्रोॲब्रेजनमध्ये सौम्य आम्लाच्या पेस्टने वरचा अगदी पातळ थर घासून काढतात, तपकिरी डाग त्याने चांगले फिकट होतात. मग दाताच्या मापाचा ट्रे करून १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल रात्री दोन-तीन आठवडे लावायचं. सुरुवातीला पांढरे चट्टे जास्तच उठून दिसतात, घाबरू नका. तरीही ते राहिले तर त्यांत पातळ रेझिन (नंतर घट्ट होणारा राळेसारखा द्रव) मुरवता येतं, ड्रिल लागत नाही. खोल खळगे कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगने, भरायचे, पण ब्लीचनंतर दोन आठवडे थांबून, कारण लगेच केलं तर ते नीट चिकटत नाही. जुन्या फिलिंगचा किंवा कॅपचा रंग ब्लीचने बदलत नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

म्हणून हळदीच्या आठवड्यात येऊ नका, दोन-तीन महिने हातात ठेवून या. आणि मोबाईलवर बघून लिंबू-सोडा दातांवर चोळणं आजच थांबवा, त्या आम्लाने इनॅमल झिजतं.

फ्लोरोसिस निघाला तर मी घरच्यांना आणखी एक विचारते, घरात लहान मुलं आहेत का आणि पाणी बोअरचं का? हे डाग दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच पडतात, साधारण वयाच्या ८ वर्षांपर्यंत. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नको. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होतं. साध्या कँडल फिल्टरनेही जात नाही, आरओने कमी होतं. धाकट्यांचे दात यायचे असतील तर बोअरचं पाणी आधी तपासून घ्या.