माझी न झालेली जुळी

‘एका घराला एकच बॉक्स’ असा कागद दुकानाने काउंटरच्या काचेवर चिकटवला होता. तो वाचता येईल इतका जवळ पोचलो तेव्हा माझ्या दोन्ही काखांत एकेक बॉक्स होता, पुढे आठ-दहा माणसं होती आणि मागे सणासुदीची अख्खी गर्दी.

दोन बॉक्स कशाला, ते सांगून टाकतो. मी लेगोच्या ठोकळ्यांचा घड्याळ-मनोरा बांधतोय. चार बाजू, प्रत्येक बाजूला सँड ग्रीन रंगाच्या दोन कमानी, म्हणजे आठ. या बॉक्समध्ये तशा चारच येतात. बॉक्सवर छापलेल्या इमारतीशी मला कर्तव्य नाही. मला त्यातल्या कमानी हव्यात, काटकोनात वळलेले ब्रॅकेट हवेत, मधोमध एकच उंचवटा असलेल्या जंपर प्लेटा हव्यात. बाकीचं डब्यात जाईल आणि कधीतरी उपयोगी पडेल. या छंदातल्या प्रत्येकाच्या घरी ‘कधीतरी उपयोगी पडेल’चे डबे असतात, आणि त्यावरून घरात जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

तर रांगेत माझ्या मागे एक काका होते. हातात तोच बॉक्स. ते तो कानाशी नेऊन हलवत होते. एकदा हलवला, ऐकलं, उलटा करून पुन्हा हलवला. मग माझ्या काखांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“जुळे का?”

“अं?”

“मुलं हो! दोन सारखेच घेतलेत म्हणून विचारलं.”

“नाही नाही, दोन्ही माझेच आहेत.”

“तुमचेच असणार! दुसऱ्या कोणाचे असतील?” काका खळखळून हसले आणि त्यांच्या मागच्या बाईंना म्हणाले, “जुळे आहेत यांना.” बाईंनी “अगंबाई!” म्हटलं. बातमी रांगेतून मागे गेली. तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत जाताना त्यातला एक मुलगा आणि एक मुलगी झाली होती, असं मला नंतर कळलं.

मी खुलासा केला. म्हणजे करायला सुरुवात केली. “काका, हे मी स्वतःसाठी घेतोय. मी यातून वेगळंच काहीतरी बांधतो.”

“तुम्ही?” काकांनी मला चपलेपासून टकलापर्यंत न्याहाळलं. “बसून?”

बसूनच बांधतात. पण त्या एका शब्दात त्यांनी जे भरलं होतं ते मला अजून गिळता आलेलं नाही. कॅमेऱ्याची लेन्स घेणाऱ्याला कोणी ‘मुलगा केवढा?’ विचारत नाही. सायकलवर पगार उधळून रविवारी उजाडायच्या आत घट्ट चड्डीत बाहेर पडणारे लोक ‘फिटनेसवाले’ म्हणून मिरवतात. आणि मी ठोकळे घेतले की आधी मूल दाखवा! खुद्द कंपनीने 2020 पासून मोठ्यांचे सेट काळ्या बॉक्समध्ये घालून त्यावर ठळक ‘18+’ छापायला घेतलंय. त्यांना लाज वाटत नाही, मला वाटत नाही, ती रांगेतल्या लोकांनाच का वाटावी?

पण मी चिडलो की शिकवायला लागतो. काकांना म्हटलं, हे दिसतं तितकं पोरखेळ नाही. ठोकळ्याचे स्टड, म्हणजे माथ्यावरचे गोल उंचवटे, वर बघतात, पण घड्याळाची तबकडी समोर बघायला हवी. म्हणजे भिंतीचा तेवढा भाग आडवा पाडून बांधायचा आणि उभ्या भिंतीत असा बसवायचा की फट दिसता कामा नये. दोन शेजारच्या स्टडमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, 8 मिलीमीटर. प्लेट, म्हणजे चपटा ठोकळा, तिची जाडी 3.2. पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की 16, म्हणजे बरोबर दोन स्टड. या एका जमण्यावर आडव्या बांधकामातली निम्मी अक्कल उभी आहे. उरलेली निम्मी ब्रॅकेटवर, कारण त्याचा उभा पत्रा 1.6 मिलीमीटरचा, अर्ध्या प्लेटचा. फट अर्ध्या प्लेटची राहिली की ब्रॅकेट लावून ती मारायची.

काका ऐकत होते, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या घरात इतकं कोणी ऐकत नाही. त्यामुळे मी वाहवत गेलो. म्हटलं, यातही नियम असतात. स्टडचा व्यास 4.8 मिलीमीटर, म्हणजे दोन स्टडच्या मध्ये उरली जागा 3.2. प्लेटही 3.2. कागदावर ती प्लेट तिथे उभी चपखल बसते, आणि नवशिके बसवतातही. पण प्रत्यक्षात ताण येतो, प्लास्टिक दबतं, म्हणून कंपनीचे डिझायनर तसं करत नाहीत. आम्ही त्याला ‘इल्लीगल’ म्हणतो.

“पोलीस येतात?”

“नाही हो, आपलं आपल्यात.”

“आणि हे प्लास्टिक टिकतं किती?”

हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून मी वर्षानुवर्षं थांबलोय. “काका, या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज 28 जानेवारी 1958 ला डेन्मार्कमध्ये दाखल झाला. तेव्हाचा ठोकळा आजही आजच्या ठोकळ्यावर बसतो!”

“मग नवीन कशाला घेता?”

मी विषय बदलला. “आणि रचना किती होतात माहितीये? दोन बाय चारचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घ्या. 91 कोटी 51 लाख 3 हजार 765 प्रकारांनी जोडता येतात.”

काकांनी हिशोब केला. डोळे मिटून खरंच केला. मग अगदी मायेने म्हणाले, “मग सहाच घ्यायचे की हो.”

याला उत्तर नाही. मी तेव्हापासून शोधतोय.

रांग सरकत नव्हती, कारण काउंटरवर एक गृहस्थ सहकुटुंब उभे होते. ते, त्यांची बायको, मेव्हणा आणि एक म्हातारी बाई, जिला आपण कुठल्या दुकानात आहोत याची कल्पना नव्हती. प्रत्येकाच्या हातात एकेक बॉक्स, तोच. चार माणसं, चार वेगवेगळी घरं, असं ते काउंटरवरच्या पोराला पटवत होते आणि पोराला पटतही होतं. हे लोक बॉक्स उघडतसुद्धा नाहीत. कपाटात ठेवतात, कंपनीने तो सेट बनवणं बंद केलं की चढ्या भावाने विकतात. काचेवरचा तो कागद यांच्यासाठी होता. यांनी चार नेले. ज्याला खरंच फोडून बांधायचंय त्याच्या काखेतला मात्र मोजायचा. नियम करणारे कोणासाठी नियम करतात आणि तो लागतो कोणाला, यावर मी आणखी बरंच लिहू शकतो, पण रक्तदाब आहे.

माझा नंबर आला. पोरगा म्हणाला, “सर, एकच मिळेल.”

मी तोंड उघडायच्या आत मागून काका गरजले, “अहो, जुळी आहेत त्यांची! एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला काय रडवायचं? सणाच्या दिवसांत?”

मागच्या बाई म्हणाल्या, “तेच ना. लेकरांत दुजाभाव नको.”

पोरगा हेलावला. म्हणाला, “असं का? जुळी असतील तर देतो सर दोन. वरिष्ठांना मी सांगतो.”

आता बघा. नुसती मान हलवायची होती. चार कमानी हातात पडत होत्या. पण तो पोरगा प्रेमाने पुढे म्हणाला, “नावं काय त्यांची?” आणि माझी जीभ अडली. नसलेल्या मुलांची नावं ऐन वेळी सुचत नाहीत. मी म्हणालो, “मला जुळी नाहीत. मुलंच नाहीत. दोन्ही मला हवेत.”

रांगेत जी शांतता पसरली ती मी एरवी फक्त वाईट बातम्यांनंतर पाहिली आहे. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की दोन्ही लेकरं मीच घालवली. पोराने निमूटपणे एक बॉक्स काढून बाजूला ठेवला. आणि काका? काका पुढे झाले, तो बॉक्स उचलून हलवला, ऐकलं आणि म्हणाले, “यात जास्त वाजतंय. हा द्या मला, माझा परत घ्या.”

“नातवाला?” मी विचारलं. गप्प राहवत नाही.

“हो, दोन वर्षांचा होईल आता. यावर अठरा लिहिलंय, म्हणजे अठरा महिन्यांपुढे चालतं.”

मी हादरलो. म्हटलं, काका, ते अठरा वर्षं आहे. यात एका स्टडचे तुकडे आहेत, नखाएवढे. तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, घशात अडकतात. हे बघा, बॉक्सवरच चिन्ह आहे, बाळाच्या तोंडावर तिरकी रेघ.

काकांनी चष्मा वर करून चिन्ह पाहिलं. “आमचा तोंडात घालत नाही.” मग थोडं थांबून, “बरं, मीच बांधून देतो त्याला. उंच ठेवतो कपाटावर. एकदा बांधल्यावर चिकटवायला कुठला गोंद वापरता तुम्ही?”

गोंद! मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ते छापण्यालायक नव्हतं.

पुढच्या टेबलावर एका मुलीने न विचारता माझा बॉक्स चकचकीत कागदात गुंडाळला, वर फीत बांधली आणि चिठ्ठीसाठी नाव विचारलं. मी माझंच सांगितलं. तिने त्याच्या आधी सुंदर अक्षरात ‘चि.’ लिहिलं. खाली शुभाशीर्वाद द्यायला कोण, हेही तिने विचारलं.

तर आता मनोऱ्याच्या दोन बाजूंना कमानी आहेत आणि दोन बाजू सपाट आहेत. सपाट बाजू कोपऱ्यात भिंतीकडे करून ठेवता येतील, पण मला माहीत आहे ना त्या तिकडे आहेत. सुटे तुकडे विकणाऱ्या एकाकडे त्याच रंगाच्या चार कमानी सापडल्या. कमानींहून टपालखर्च जास्त, शिवाय किमान खरेदीची अट. ती पुरी करायला मी यादीत मूठभर बिजागऱ्या टाकल्या आहेत. बिजागऱ्या आल्याच तर मनोऱ्याला उघडझाप होणारं दार करता येईल, फक्त दारावर आणखी एक कमान लागेल.